भाडे परतावा

भाडे परतावा म्हणजे घर, दुकान किंवा गाळा यांपासून वर्षभरात मिळणाऱ्या भाड्याचे त्या मालमत्तेच्या किमतीशी असलेले शेकडा प्रमाण होय. खर्च वजा न करता काढलेल्या प्रमाणास ढोबळ परतावा म्हणतात. घरपट्टी, देखभाल, दुरुस्ती आणि घर रिकामे राहिल्याचा तोटा वजा करून उरतो तो निव्वळ परतावा. भारतीय शहरांत निवासी घरांचा ढोबळ परतावा सामान्यतः २ ते ४ टक्के असतो. गृहकर्जाचा व्याजदर त्याहून बराच अधिक असल्याने कर्जावर घेतलेल्या घरासाठी मालकास अनेक वर्षे पदरमोड करावी लागते.

सुरुवातीचा तोटा

६० लाख रुपयांच्या घरास दरमहा १६,००० रुपये भाडे मिळाल्यास ढोबळ परतावा ३.२ टक्के होतो. वर्षातून एक महिना घर रिकामे राहिले आणि इतर खर्च ४६,००० रुपये आला, तर हाती १,३०,००० रुपये, म्हणजे जेमतेम २.२ टक्के उरतात. याच घरासाठी ४५ लाखांचे कर्ज ८.५ टक्के दराने २० वर्षांकरिता काढल्यास मासिक हप्ता सुमारे ३९,००० रुपये पडतो व पहिल्या वर्षी सुमारे ३ लाख ७९ हजार रुपये व्याजातच जातात. निव्वळ उत्पन्न दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढले, तर ते व्याजाला तेराव्या वर्षी मागे टाकते. पूर्ण हप्त्याची बरोबरी मात्र कर्ज फिटेपर्यंत होत नाही. भाड्यातून हप्ता परस्पर सुटेल हा विक्रीच्या वेळी हमखास ऐकू येणारा युक्तिवाद येथे टिकत नाही.

निर्णयाचे निकष

हप्त्यातील मुद्दलाचा भाग ही एक प्रकारची बचत असते; तोटा मोजायचा तो व्याज आणि निव्वळ भाडे यांतील फरकाचा. वरील उदाहरणात तो पहिल्या वर्षी सुमारे २ लाख ४९ हजार रुपये, म्हणजे घराच्या किमतीच्या चार टक्क्यांहून थोडा अधिक आहे. किंमत निदान तेवढी वाढली तरच तो भरून निघतो. स्वतःच्या १५ लाखांवरील ठेवीचे बुडालेले व्याज आणि मुद्रांक शुल्क धरल्यास ही अपेक्षा आणखी वाढते.

कमी परताव्याचे कारण तात्पुरते आहे की कायमचे, हेही पाहावे लागते. वस्ती नवी असणे किंवा रस्ता अपुरा असणे ही कारणे कालांतराने दूर होऊ शकतात. मुळात अवाजवी किमतीस घेतलेल्या घराचे तसे होत नाही.

महाराष्ट्रातील स्थिती

परतावा कायमचा खुंटल्याचे ठळक उदाहरण मुंबईतील जुन्या चाळींचे आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी भाड्याने दिलेल्या जागांचे भाडे त्या दिवसाच्या पातळीवर गोठवले. दुरुस्तीचा खर्चही निघेनासा झाल्याने मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली आणि पागडीची पद्धत फोफावली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम १९९९ नुसार अशा भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करता येते. लिव्ह अँड लायसन्स करारात भाडे उभयपक्षी ठरते. मात्र हा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे.