त्वचारोपणातील दाता-जागेचे ड्रेसिंग

भाजल्याने किंवा अपघाताने कातडी गेलेली जखम झाकण्यासाठी रुग्णाच्याच अंगावरून, बहुधा मांडीवरून, कातडीचा पातळ थर काढतात. तो काढल्यावर उरणारी जखम म्हणजे दाता-जागा. थराची जाडी साधारणपणे ०.२ ते ०.४ मिलिमीटर असते. केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी खालच्या थरात शाबूत राहतात. त्यांतल्या पेशी पसरून दोन-तीन आठवड्यांत नवी कातडी येते, म्हणून टाके लागत नाहीत. पूर्ण जाडीची कातडी काढली, तर मात्र ती जागा शिवून बंद करतात.

मज्जातंतूंची टोके उघडी पडल्याने ही जागा पुष्कळदा मूळ जखमेहून जास्त दुखते. शिवाय ही जखम उपचारासाठी धडधाकट अंगावर मुद्दाम केलेली असते. त्यामुळे ड्रेसिंग निवडताना ते किती दुखेल आणि कितीदा बदलावे लागेल, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारला पाहिजे.

पॅराफिन किंवा व्हॅसलीन लावलेले जाळीदार गॉज ही जुनी आणि सर्वत्र मिळणारी पद्धत. त्यात स्राव वाळतो, जाळी जखमेला चिकटते आणि ओढून काढल्यास कोवळी कातडी सोलवटते. जखम कोरडी ठेवावी या समजुतीला जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये शास्त्रीय धक्का दिला: डुकरांवरील प्रयोगांत पॉलिथिनच्या पडद्याखालच्या ओलसर जखमांवर नवी कातडी उघड्या जखमांपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने आली.

पारदर्शक फिल्मखाली दुखणे कमी असते आणि जखम दिसत राहते. मात्र पहिल्या एक-दोन दिवसांत स्राव साठून ती कडेने गळते. भरपूर पाझरणाऱ्या जागेवर समुद्री शेवाळापासून केलेले अल्जिनेट बरे. ते स्राव शोषते आणि रक्त थांबायलाही मदत करते. नेदरलँड्समधील १४ केंद्रांत २८८ रुग्णांवर सहा प्रकारांची तुलना झाली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. हायड्रोकोलॉइडखाली, म्हणजे स्राव शोषून जेल बनणाऱ्या पट्टीखाली, जखम भरण्याचा मध्यक काळ १६ दिवस होता, इतरांखाली २३ दिवस. गॉज वापरलेल्यांत जंतुसंसर्ग १८ टक्के, तर बाकीच्यांत ७.६ टक्के होता.

ही आधुनिक आवरणे सरकारी रुग्णालयांतील अनेकांना परवडत नाहीत. या अडचणीवरचे मोलाचे काम मुंबईत झाले. भाजलेल्या जखमांसाठी डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरात आणली होती. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि सहकाऱ्यांनी केळीचे पान कापडी पट्टीवर चिकटवून, ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करून दाता-जागेवर लावले आणि व्हॅसलीन गॉजशी त्याची तुलना केली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पानाच्या गुळगुळीत पृष्ठभागामुळे पट्टी न चिकटता, फारसे न दुखता निघत असल्याचे दिसले. हे स्वस्तातले दुय्यम साधन नव्हे. पान जखमेला चिकटत नाही, आणि येथे तोच गुण सर्वांत मोलाचा. घरी मात्र असे पान लावू नये, कारण निर्जंतुक केल्याशिवाय ते धोक्याचे आहे.

कोणतेही आवरण नीट बसले असेल, तर विनाकारण उघडू नये. गॉजचा आतला थर आपोआप सुटेपर्यंत तसाच ठेवतात. अडलेला भाग सलाइनने भिजवून सोडवतात, मोकळ्या कडा कात्रीने कापतात. दुर्गंधी, हिरवट डाग, ताप किंवा वाढते दुखणे असेल, तर मात्र थांबू नये. आवरण त्याच दिवशी काढून जखम तपासावी लागते.