डिझेल पिकअप, जुनी : इंजिनाची घरगुती प्रतिबंधक दुरुस्ती (गिंडी, चेन्नई)

जुन्या डिझेल पिकअपचे इंजिन बंद पडण्याआधी मालकाने किंवा ओळखीच्या मेकॅनिकने दारातच करायची कामे. ऑइल व फिल्टर बदलणे, डिझेलमधले पाणी काढणे, टॅपेट सेट करणे, होज पाइप व बेल्ट तपासणे ही त्यांतली मुख्य.

गिंडीची औद्योगिक वसाहत 1958 सालची. लहान कारखान्यांच्या अशा वस्तीत पिकअपला काम कधीच कमी पडत नाही. अशोक लेलँडचे मुख्यालयही गिंडीतच आहे. निसानच्या भागीदारीत काढलेली त्यांची ‘दोस्त’ 2011 मध्ये बाजारात आली. त्याआधीच्या पिढीत टाटा 207 सारख्या गाड्या येतात. टाटांची पहिली पिकअप, टाटामोबाइल, 1988 ची. व्यावसायिक गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते, त्यामुळे धूर ओकणारे इंजिन मालकाला फार काळ दडवता येत नाही.

घरी किती करावे, हे डिझेल पंपाच्या जातीवर ठरते. यांत्रिक पंपाचे इंजिन सोशिक असते. फिल्टर बदलल्यावर हाताने प्रायमर दाबून लाइनमधली हवा काढली की ते पुन्हा सुरू होते. मिसिंग (एखादा सिलिंडर न पेटणे) शोधायला मेकॅनिक चालू इंजिनावर एकेका नॉझलच्या पाइपाचे नट किंचित ढिले करतो; ज्या नटाने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. (हे नॉझल बहुधा ‘मायको’चे. कंपनीचे नाव 2008 मध्ये बॉश झाले, पण गॅरेजात जुने नावच चालते. तिचा नॉझलचा कारखाना नाशकात आहे.) दोस्तसारख्या कॉमन रेल इंजिनावर मात्र ही युक्ती कदापि करू नये. तिथे दाब हजार बारच्या वर जातो, आणि बारीक धारेने सुटलेले डिझेल कातडी भेदून आत शिरते. अशा इंजिनाची घरगुती दुरुस्ती फिल्टर, ऑइल, बेल्ट आणि कूलंट इथेच थांबते.

ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे झाले म्हणून घाबरू नये. डिझेलच्या काजळीने ते होतेच. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली, तर मात्र काळजी. आत डिझेल उतरते आहे किंवा पाणी. दुधी रंग दिसला तर पाणीच, आणि संशय आधी हेड गॅस्केटवर घ्यावा.

चेन्नईत खरा वैरी पाणीच. दमट हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीच्या आत दव धरते, म्हणून टाकी रात्री भरून ठेवावी आणि फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून साचलेले पाणी अधूनमधून सोडावे. हे पाणी पंपात आणि नॉझलमध्ये गंज आणते. रेडिएटरमध्ये बोअरचे क्षारयुक्त पाणी घातले तर आत थर बसतो आणि इंजिन तापू लागते. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळावे.

डिसेंबर 2015 च्या पुरात अड्यार नदी फुगली आणि गिंडीची वसाहत पाण्याखाली गेली. बुडालेल्या डिझेल गाडीला सेल्फ मारणे ही सर्वांत महागडी चूक. डिझेल इंजिन हवा सोळा ते बावीस पटींनी दाबते. पाणी दाबले जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. आधी बॅटरी सोडवावी. एअर फिल्टर ओला निघाला तर पाणी सिलिंडरपर्यंत गेले असे धरून चालावे. हीटर प्लग किंवा नॉझल काढून क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवावे, म्हणजे पाणी वरून बाहेर पडते. कॉमन रेलवर नॉझलला हात न लावता हीटर प्लगच काढावेत. मग ऑइल व फिल्टर बदलून इंजिन थोडा वेळ चालवावे आणि ते ऑइलही टाकून द्यावे. टाकीतले डिझेल आणि गिअरबॉक्सचे ऑइल तपासायला लोक हमखास विसरतात.

यापेक्षा स्वस्त उपाय रहिवाशांनीच काढला : ऑक्टोबर 2024 मध्ये मुसळधार पावसाचा इशारा येताच गिंडीशेजारच्या वेळच्चेरीत लोकांनी आपल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन ओळीने उभ्या केल्या.