गिरणी कामगाराची खोली : भाडे, कर्ज आणि व्यसन

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. इतिहासाच्या तासाला ‘सनअती इन्किलाब’ शिकवावा लागतो. मराठीत त्याला औद्योगिक क्रांती म्हणतात. यंत्रे आली, गिरण्या आल्या, खेड्यांतली माणसे शहरात आली, इथपर्यंत पुस्तक नीट चालते. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने विचारले, ‘आली ती माणसे राहिली कुठे?’ पुस्तकात त्याचे उत्तर अर्ध्या ओळीत होते : गलिच्छ वस्त्यांत. त्या मुलाचे वडील भिवंडीत मागावर काम करतात आणि दर अकरा महिन्यांनी खोली बदलतात. अर्ध्या ओळीने त्याचे समाधान झाले नाही. आमचेही झाले नाही, कारण हा प्रश्न आमच्या घरातलाच होता.

मुंबईत पहिली कापड गिरणी काढण्याचा उद्योग कावसजी दावर यांनी १८५४ साली केला. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी हा भाग गिरण्यांनी भरून गेला. माणसांसाठी घरे बांधणे मात्र कोणाच्याच हिशेबात नव्हते. ज्याच्याकडे जमीन होती त्याने चाळी उठवल्या, लांब ओसरी आणि तिच्यावर उघडणाऱ्या अंधाऱ्या खोल्या. १८९६ साली प्लेग आला तेव्हा सरकारला या खोल्या दिसल्या. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने रस्ते रुंद केले, जुन्या वस्त्या पाडल्या, आणि पाडलेल्या वस्त्यांतली माणसे शेजारच्या चाळींत अधिक दाटीने राहू लागली. १९२१-२२ मध्ये सरकारच्या लेबर ऑफिसने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तीत शंभरातली सत्त्याण्णव कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे आढळले.

ही खोली मिळत कशी होती? अर्ज करून नव्हे. गिरणीत काम देणारा मुकादम असे, आणि बहुधा खोलीचाही माग तोच देई. काम, खोली आणि अडचणीला उसने पैसे, तिन्हींच्या किल्ल्या एकाच माणसाच्या कमरेला. कोकणातली आणि घाटावरची माणसे गावकीच्या खोलीत उतरत. गावाने मिळून घेतलेली एक खोली, तीत वीस-पंचवीस माणसे. दिवसपाळीचे गेले की रात्रपाळीचे त्याच जागी पथारी टाकत. गोव्याच्या खलाशांचे धोबीतलावाकडे गावोगावचे ‘कूड’ होते. आमच्या कोकणी मुसलमानांच्या जमातींनीही डोंगरी-माझगावकडे खोल्या धरल्या होत्या. बोटीवरून उतरलेला माणूस दुसरी बोट मिळेपर्यंत तिथे टेकत असे. मदनपुऱ्यात उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर होते. आमचे दादा त्यांतलेच. गिरणीच्या विणखात्यात मराठा आणि मुसलमान विणकर खांद्याला खांदा लावून काम करीत. त्याच खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता, कारण धोट्यात धागा ओढताना तो तोंडाने चोखावा लागे आणि इतरांना त्याचा विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. मज्जाव करणाऱ्यांत आमचे लोक नव्हते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

गावकीच्या किंवा जमातीच्या खोलीत एक गोष्ट मोठी होती. तिथे डिपॉझिट म्हणून माणसाची ओळख चालत असे. आजारी पडलेल्याला, काम सुटलेल्याला निदान पथारीपुरती जागा राही. पण ओळख हीच अनामत असल्यामुळे अब्रू गेली की जागाही जाई. पिऊन आलेला माणूस दोनतीनदा सांभाळून घेत, मग त्याची वळकटी ओसरीवर येई.

आता कर्जाकडे येऊ. गिरणीत महिन्याचा पगार महिना संपताच मिळत नसे. तो पुढच्या महिन्याच्या मध्याला हातात पडे. म्हणजे नवा माणूस कामाला लागला की पहिला दीड महिना त्याने काय खायचे? वाण्याकडून उधारीवर धान्य, खानावळवालीकडे उधारीवर जेवण, आणि खोलीच्या भाड्यासाठी सावकार. काम लागले की माणूस कर्जातून सुटतो असे आपण समजतो. इथे काम लागल्याच्या दिवशीच कर्ज सुरू होत होते. वर सांगितलेल्या पाहणीत शेकडा सत्तेचाळीस कुटुंबे कर्जदार निघाली आणि कर्ज सरासरी अडीच महिन्यांच्या कमाईएवढे होते. १९२९ मध्ये नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटली कमिशनने तर बहुतेक औद्योगिक शहरांत दोन तृतीयांश कामगार कर्जात आहेत असा अंदाज दिला. ना. म. जोशी या कमिशनचे एक सभासद होते. व्याजाचा नेहमीचा दर रुपयाला महिना एक आणा असा त्यात नोंदला आहे. मुलांकडून आम्ही हे गणित फळ्यावर सोडवून घेतो. शंभर रुपयांवर महिन्याला सहा रुपये चार आणे, वर्षाला पंच्याहत्तर रुपये. मूळ शंभर तसेच उभे. मुले आधी हसतात आणि मग गप्प होतात.

वसुलीला पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी हातात काठी घेऊन पठाण उभे राहत. इथे आमच्या वाचकांना एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. व्याज हराम आहे हे आम्ही मुलांना पहिल्या जमातीपासून शिकवतो. पण मुंबईच्या कामगाराला सर्वांत जास्त धाक ज्या सावकाराचा होता तो नमाजी होता, आणि त्याच्या कर्जदारांत आमचे दादाही होते. शुक्रवारी दोघे एकाच सफेत उभे राहत. फेब्रुवारी १९२९ मध्ये मुंबईत दंगल पेटली ती आधी गिरणी कामगार आणि पठाण यांच्यात. मुले पळवण्याच्या अफवा आणि संप फोडण्यासाठी पठाण आणल्याचा राग ही तात्कालिक कारणे होती. सावकारीची जुनी ठसठस त्याखाली होती. नंतर तिला हिंदू-मुस्लिम दंगलीचे रूप आले, आणि आज तेवढेच लोकांना आठवते. व्हिटली कमिशनने कर्जवसुलीसाठी कारखान्याच्या दाराशी दबा धरणे हा दखलपात्र गुन्हा ठरवावा अशी शिफारस केली होती. पगार वेळेवर द्यावा असा कायदा १९३६ मध्ये झाला. दादी मात्र सांगत की दादा पगाराच्या दिवशी मागच्या दाराने निघत.

निघून कुठे जात? ताडीच्या दुकानात. सरकारने १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू-ताडीवर आपला ताबा घट्ट केला होता. परवाने लिलावात जात, आणि जिथे रोख पगार तिथे दुकान. दहा-अकरा तास यंत्रापुढे उभे राहून आलेल्या माणसाला खोलीत बसायला जागा नसे, कारण तिथे दुसऱ्या पाळीची माणसे झोपलेली असत. दुकानात बाक होते, दिवा होता, बोलायला माणूस होते. दारूचे समर्थन करण्याचा आमचा हेतू नाही. आमच्या घराने तिचा हिशेब पुरता भरला आहे. पण खोलीची अडचण आणि पिण्याची सवय यांचा संबंध इतिहासाच्या पुस्तकात आला पाहिजे असे आम्हाला वाटते.

ऑगस्ट १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबईत दारूबंदी आणली आणि तिचे बुडणारे उत्पन्न भरून काढण्यासाठी घरांवर कर बसवला. मंत्रिमंडळ गेले, बंदीही ढिली पडली. १९४९ च्या कायद्याने ती पुन्हा कडक झाली. तेव्हा दारूचे दुकान उठले आणि भट्टी वस्तीत आली. ज्या घरात कर्ज होते त्याच घरात हातभट्टीचे डबे ठेवायला जागा निघू लागली. खोलीचे भाडे दारूवर निघायचे आणि घरचा पुरुष दारूत जायचा, अशी घरे दादीने पाहिली होती.

सरकारने घरे बांधलीच नाहीत असे नाही. १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. कापसाच्या गाठीमागे एक रुपया जकात बसवून पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता. झाल्या सोळा हजारांच्या आसपास. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ इमारती, एकशेसाठ चौरस फुटांची खोली. भाडे कामगाराच्या आवाक्याबाहेर ठेवल्यामुळे कित्येक खोल्या अनेक वर्षे रिकाम्या पडल्या होत्या, आणि तीसच्या सत्याग्रहात वरळीच्या चाळींचा तुरुंग म्हणूनही उपयोग झाला. घर नाही म्हणून माणसे ओसरीवर झोपतात आणि माणसे नाहीत म्हणून घराचा तुरुंग होतो, अशा या शहराच्या गमती. त्याच वरळीच्या चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींत पाचशे चौरस फुटांच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधली. जो खोलीत होता तो तरला. जो बाहेर होता त्याच्यासाठी पागडी आली. आत शिरायला हजारो रुपये, आत गेल्यावर भाडे चहापाण्याएवढे. ती खोली मग नुसती खोली राहिली नाही, घराची एकमेव पुंजी झाली.

आमच्या घराची पुंजी अशीच गेली. अब्बा दादांच्याच गिरणीत बदली कामगार होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. उधारीवर चालणारे सगळे गणित एका वेळी थांबले. वाण्याने वही मिटली. अब्बा म्हणत, पहिले सहा महिने लोक दत्ता सामंतांविषयी बोलत, नंतर फक्त तांदळाविषयी. १९८६ मध्ये मदनपुऱ्यातली खोली विकली, घरमालकाचा वाटा दिला, सावकार मिटवले आणि उरलेले घेऊन सगळे भिवंडीला आले. त्याच वर्षांत मुंबईच्या गल्ल्यांत गर्द पसरत होती. १९८६ मध्येच पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्यासाठी मोठी देणगी दिली. व्यसन हा आजार आहे ही गोष्ट मराठी घरांत तेव्हापासून बोलली जाऊ लागली. मोहल्ल्यात ती उशिरा पोचली. आमच्यात दारू हराम, म्हणून दारुडा नाहीच, असा सोयीचा हिशेब होता. जो नाहीच त्याच्यावर उपचार कसले?

अब्बा १९९९ मध्ये एका केंद्रात राहून आले. कोणते ते सांगत नाही. आले तेव्हा हात थरथरत नव्हते आणि मागावरचे काम आठवड्याभरात मिळाले. भिवंडीत माग चालवणाऱ्याला काम मिळते. खोली मिळत नव्हती. जुन्या खोलीचे चार महिन्यांचे भाडे थकलेले, म्हणून अम्मी आम्हाला घेऊन नानींकडे गेलेल्या. एका घरमालकाने सांगितले, पिणाऱ्याला देत नाही. अब्बा म्हणाले, सोडली आहे. तो म्हणाला, सगळे हेच सांगतात. दुसऱ्याला दारूचे काही नव्हते, पण वसुलीवाले दारात नकोत. तिसऱ्याने तीन महिन्यांचे डिपॉझिट आणि एक जामीन मागितला. अब्बांच्या तोंडचे वाक्य आम्हाला अजून आठवते : ‘पैसा तो कमा लूँगा, ज़ामिन कहाँ से लाऊँ?’

तोपर्यंत ते कारखान्यातच, मागांच्या मधल्या जागेत झोपत. तिथे रात्री कोण काय पीत होते हे सांगायला नको. केंद्रातल्या लोकांनी जुन्या सोबतीपासून लांब राहायला सांगितले होते. लांब म्हणजे कुठे, हे सांगितले नव्हते.

त्यांना सोडवले ते एका खालांनी. त्या बिशी चालवत. मागवाल्या कामगारांच्या खानावळीला भिवंडीत बिशी म्हणतात. मराठीत पैसे गोळा करायची भिशी वेगळी. खालांच्या घरी दोन्ही होत्या. त्यांनी अट घातली, पगार माझ्या हातात. दर पंधरवड्याला त्या जेवणाचे कापत, थोडे वसुलीवाल्याला देत, थोडे भिशीत घालत आणि अब्बांना चहा-विडीपुरते देत. अब्बांना याचा फार राग येई. चाळिशीच्या माणसाने हात पसरायचा! एकदा भांडण करून दोन दिवस जेवायलाही गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी खालांनी मुलाच्या हाती डबा पाठवला, निरोप नाही. चौदा महिन्यांनी भिशी लागली. डिपॉझिट भरले, जामीन म्हणून खालांनी अंगठा दिला, आणि करार अम्मींच्या नावावर झाला. अब्बांनीच तसा आग्रह धरला. आम्ही पाचवीत होतो. त्या खोलीला खिडकी नव्हती, पण रात्री दाराला आतून कडी लावता येत होती. अब्बा पहिले काही दिवस उठून ती पुन्हा पुन्हा पाहत.

गावकीची खोली, जमातीची खोली, खालांची बिशी. या तिन्ही जागा सरकारच्या कोणत्याच अहवालात घर म्हणून मोजलेल्या नाहीत. आम्हाला मात्र वाटते, कर्जातला आणि व्यसनातून उठलेला कामगार या शहरात टिकला तो बरेचदा अशाच जागांवर. त्यांच्या अटी जाचक होत्या, हेही तितकेच खरे.

गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे द्यायचे ठरले आणि २०१२ मध्ये म्हाडाने ६,९२५ घरांची पहिली सोडत काढली. १ जानेवारी १९८२ रोजी पटावर असलेल्यांचा त्यावर हक्क आहे. आम्ही अब्बांचा अर्ज भरला. २०२३ मध्ये कागदपत्रे छाननीसाठी मागवली तेव्हा हजेरी कार्ड, राज्य विम्याचे कार्ड, फंडाचा क्रमांक यांचा शोध घेतला. मदनपुऱ्याची खोली सोडताना पत्र्याच्या पेटीत ठेवलेले कागद पेटीसकट कुठे गेले ते कोणालाच माहीत नव्हते. अम्मींनी बऱ्याच वेळाने एक कापडी पिशवी आणून दिली. तीत राज्य विम्याचे एक दुमडलेले कार्ड होते, आणि त्याच्याबरोबर भिवंडीच्या खोलीच्या पहिल्या भाड्याची पावती. दुसरीची अर्जाला गरज नव्हती. आम्ही दोन्हींच्या नकला काढल्या.