लिटल वॉल्टर : माऊथ ऑर्गनवरचा ब्लूज ऐकायचा कसा?

'शोले'मधला जय रात्रीच्या शांततेत माऊथ ऑर्गन वाजवत बसतो. पडद्यावर अमिताभ बच्चन, प्रत्यक्षात वाजवणारे भानू गुप्ता. आपल्याकडे बहुतेकांची या वाद्याशी ओळख इथेच थांबते. एक तर ते हिरोच्या खिशात असतं, नाहीतर लहान मुलांच्या खेळण्यांत.

पण १९५२ मध्ये शिकागोतल्या एका २२ वर्षांच्या पोराने हेच वाद्य वाजवून एक रेकॉर्ड केली. तीन मिनिटांहून छोटी, गाणं नाही, फक्त वादन. नाव 'जूक'. अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या रिदम अँड ब्लूज यादीत ती आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. वाजवणाऱ्याचं नाव मॅरियन वॉल्टर जेकब्ज. जग त्याला लिटल वॉल्टर म्हणतं.

पुसदचा इथे काय संबंध?

संबंध कापसाचा आहे. ब्लूज हे संगीत अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांमधून आलं. १८६१ ते १८६५ या काळात तिथे यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे मोर्चा वळवला. पुसद, यवतमाळचा हा सगळा पट्टा त्याच वऱ्हाडातला.

पीक एकच, आणि ते पिकवणाऱ्याच्या वाट्याला येणारे हालही फार वेगळे नाहीत. मडी वॉटर्स हा ब्लूजचा मोठा गायक मिसिसिपीतल्या अशाच एका कापसाच्या मळ्यावर कामाला होता. १९४३ मध्ये तो शिकागोला निघून गेला. विदर्भातली पोरं पोटासाठी पुण्या-मुंबईची गाडी पकडतात, तसंच. लुईझियानात १९३० मध्ये जन्मलेला वॉल्टरही दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोत पोचला. आधी मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात रस्त्यावर वाजवलं, मग मडी वॉटर्सच्या बँडमध्ये शिरला.

पेटीला जमत नाही ते

माऊथ ऑर्गन आणि आपली पेटी ही एका कुळातली वाद्यं. दोन्हींत हवेने पितळी पट्टी थरथरते आणि सूर निघतो. पेटीवर मींड काढता येत नाही, दोन सुरांमधल्या जागा हाती लागत नाहीत, ही तक्रार जुनी आहे. याच कारणाने आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं होतं.

माऊथ ऑर्गनची पट्टी मात्र वादकाच्या श्वासाला लागून असते. श्वास आत ओढताना जीभ आणि घसा यांचा आकार बदलला की सूर खाली वाकतो. ब्लूज वाजवणारे यासाठी एक युक्ती करतात. वाद्याचा जो पंचम, तोच गाण्याचा षड्ज धरायचा. असं केलं की महत्त्वाचे सूर श्वास आत ओढण्याच्या बाजूला येतात, आणि शुद्ध गंधारापासून कोमल गंधारापर्यंत घसरता येतं. या दोन गंधारांच्या मधली जागा म्हणजे ब्लूजचा प्राण. ऐकताना ती पकडायची.

वॉल्टरने यात भर घातली विजेची. साधा मायक्रोफोन आणि माऊथ ऑर्गन दोन्ही तळहातांत घट्ट मिटून धरायचे, आणि तो आवाज गिटारच्या ॲम्प्लिफायरमधून काढायचा. माइक त्याच्या आधीही काहींनी वापरला होता, पण तो आवाज मोठा करण्यापुरता. वॉल्टरने फाटलेला, जाड, सॅक्सोफोनसारखा आवाज मुद्दाम घडवला. खिशातलं वाद्य त्याने बँडच्या पुढे उभं केलं.

आणि त्याचं गाणं?

त्याच्या गाण्याकडे लोक जरा दुर्लक्षच करतात. आवाज मडी वॉटर्ससारखा भारदस्त नाही. थोडा कोरडा, थोडा बेफिकीर. पण गाताना वाद्य तोंडात धरता येत नाही, आणि गंमत तिथेच आहे. तो एक ओळ गातो, थांबतो, आणि त्या ओळीला उत्तर माऊथ ऑर्गन देतो. तमाशातले सवाल-जवाब ऐकलेल्या कानाला हे समजावून सांगावं लागत नाही. फक्त इथे सवाल आणि जवाब एकाच माणसाच्या छातीतून येतात.

सुरुवात 'जूक'पासून करावी. त्याच रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला त्याने गायलेलं गाणं होतं, तेही लगेच ऐकावं. मग १९५५ चं 'माय बेब'. हेही यादीत पहिलं आलं, लिहिलं होतं विली डिक्सनने, आणि चाल एका जुन्या भक्तिगीतावर बेतलेली. ठेका इतका सोपा की पाय आपोआप हलतो. त्यानंतर मात्र दिवे मालवून 'ब्लू अँड लोनसम' लावावं. रोलिंग स्टोन्सने २०१६ च्या आपल्या अल्बमला याच गाण्याचं नाव दिलं. मूळ गाण्यात वाद्य आणि आवाज दोन्ही जवळजवळ किंचाळतात. मोबाइलच्या स्पीकरवर हे नुसतं कर्कश वाटेल, म्हणून हेडफोन लावलेले बरे.

हे गाणं होईपर्यंत त्याचे चांगले दिवस सरत आले होते. दारू वाढली होती, मारामाऱ्या नेहमीच्या झाल्या होत्या. १९६८ च्या फेब्रुवारीत अशाच एका भांडणात मार खाऊन तो घरी आला, झोपला आणि उठलाच नाही. वय ३७. त्याची गाणी पुढे जगभर वाजत राहिली, पण शिकागोजवळच्या त्याच्या कबरीवर नावाचा दगड बसायला १९९१ उजाडलं.