महाराष्ट्रातील चिनी पर्यटन

चीनमधून महाराष्ट्रात होणारे पर्यटन हा राज्यातील आंतरराष्ट्रीय पर्यटनाचा एक लहान भाग आहे. या प्रदेशाचा चीनशी सातव्या शतकापासूनचा संबंध असला, तरी आधुनिक काळात पर्यटकांचा ओघ मुख्यतः व्हिसा धोरण आणि विमानसेवा यांवर अवलंबून राहिला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

चिनी बौद्ध भिक्षू ह्युएन त्संग हा इ.स. ६४१ च्या सुमारास चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या राज्यात आला. येथे सुमारे १०० विहार आणि ५,००० भिक्षू असल्याचे त्याने नोंदवले. त्याने वर्णिलेली राजधानी म्हणजे नाशिक असावी, असे मत जे. एफ. फ्लीट यांनी मांडले. मात्र ते सर्वमान्य नाही. राज्याच्या पूर्व सीमेवरील डोंगरातल्या विहाराचे त्याचे वर्णन अजिंठ्याचे मानले जाते.

स्थळे व मार्ग

मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील नाशिक रोड हे नाशिक शहराचे मुख्य रेल्वे स्थानक आहे. येथे उतरून रस्त्याने त्रिरश्मी डोंगरातील पांडवलेणी या २४ बौद्ध लेण्यांच्या समूहाकडे जाता येते. याच लोहमार्गावरील जळगाव स्थानकावरून अजिंठ्यास जाता येते.

मुंबईजवळील घारापुरी बेटावर गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने सुमारे तासाभरात पोहोचता येते. तेथील प्रमुख लेणी शैव असून बेटावर बौद्ध स्तूपाचे अवशेषही आहेत. १९८७ मध्ये जागतिक वारसा स्थळ ठरलेल्या या बेटावर समुद्राखालील केबलद्वारे वीज पोहोचली ती २०१८ मध्ये.

व्हिसा आणि विमानसेवा

भारताने २०१५ मध्ये चिनी नागरिकांना ई-पर्यटक व्हिसा देण्यास सुरुवात केली. २०१९ मध्ये सुमारे ३.४ लाख चिनी प्रवासी भारतात आले. यात व्यवसायानिमित्त आलेल्यांचाही समावेश आहे. त्याच वर्षी सुमारे पाच लाख लोकसंख्येच्या मालदीवमध्ये जवळपास २.८ लाख चिनी पर्यटक गेले. मालदीव परदेशी पर्यटकांना विमानतळावर पोहोचताच विनामूल्य व्हिसा देतो.

कोविड-१९ साथ आणि गलवान संघर्षानंतर चिनी पर्यटकांसाठीचे भारताचे व्हिसा २०२० पासून बंद राहिले. ते जुलै २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले. २०२० मध्येच खंडित झालेली दोन्ही देशांमधील थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता–ग्वांगझो मार्गाने पूर्ववत होऊ लागली.