अंगणवाडीतलं अंगण

'अंगणवाडी' हा शब्द आपण इतक्या वेळा ऐकलाय की त्यातलं अंगण आता दिसतच नाही. डोळ्यांपुढे येते ती एक सरकारी खोली, वजनकाटा आणि खिचडी. पण हे नाव पडलं त्यामागे एक अडचण होती.

1907 मध्ये मारिया माँटेसोरींनी रोममध्ये पहिलं 'बालगृह' उघडलं, ते गरीब कामगारांच्या वस्तीतल्या एका राहत्या इमारतीत. त्यांचे विचार गुजरातीत आणि मराठीत रुजवले ते भावनगरच्या गिजुभाई बधेकांनी आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडकांनी. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. तरी बालशिक्षण बराच काळ शहरी, ऐपतीच्या घरांपुरतंच राहिलं. माँटेसोरींची साधनं महाग होती.

1945 मध्ये ताराबाई डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघही या कामात आल्या. बालवाडी सुरू झाली, पण गरीब वस्तीतली मुलं येईनात. कुणाला धाकटं भावंडं सांभाळायचं, कुणाला घरकाम. मग बाईच वस्तीत गेल्या आणि घरापुढच्या अंगणात शाळा भरू लागली. साधनं म्हणजे शंख-शिंपले, बिया, पानं, खडे. आधी आंघोळ आणि नखं कापणं, मग गाणी, गोष्टी, खेळ. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं गुरं चारायला जात, तर शाळाही त्यांच्यामागे कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा.

मी सॉफ्टवेअरवाला. युजर येत नसेल तर आम्ही त्याला नोटिफिकेशनचा मारा करतो. या बायकांनी शाळेचाच पत्ता बदलला.

माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. 'मेंदूच्या विकासाची' किट आणि अ‍ॅप विकणाऱ्या जाहिराती रोज माझ्या फोनवर येतात. त्यांचा सूर एकच: विकत घेतलं नाहीत तर पोर मागे पडेल. बोर्डीचं अंगण वाचल्यावर ही भीती जरा सैल झाली. टोपलीतले कांदे-बटाटे वेगळे करणं म्हणजे वर्गीकरण. ताटं मांडताना 'आजीला एक, बाबाला एक' म्हणणं म्हणजे गणित. तिने विचारलेल्या 'का?'ला उत्तर देणं म्हणजे भाषा.

पण एक गोष्ट त्या अंगणातही फुकट नव्हती. शिंपले समुद्र देत होता. मुलाशेजारी बसणारं मोठं माणूस मात्र रोज वेळ काढून यावं लागत होतं. आपल्या घरात नेमका त्याचाच तुटवडा आहे. दोघंही नोकरीला, घरी यायला आठ.

1975 मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. पण मुलांना हा वेळ देणाऱ्या सेविकेला आजही पगार नाही, 'मानधन' मिळतं. मुलाशेजारी बसण्याला आपण अजून काम मानत नाही, अंगणवाडीत नाही आणि घरीही नाही. किटवर खर्च करायला मात्र आपण लगेच तयार होतो.