पत्रक आणि तक्ता : स्प्रेडशीटची मांडणी व वर्धा जिल्ह्यातील महसुली दप्तर

प्रास्ताविक
एका पत्रकावर एकच तक्ता असावा की अनेक, हा प्रश्न संगणकाने निर्माण केला असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः महसुली दप्तरात तो त्यापूर्वीच आढळतो. प्रस्तुत लेखात वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात या दोन्ही परंपरांचा एकत्रित विचार केला आहे.

दप्तराची परंपरा
१८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा होऊन वर्धा जिल्हा अस्तित्वात आला. मध्य प्रांताच्या मालगुजारी व्यवस्थेत पटवारी शेतनिहाय माहिती खसऱ्यात, तर धारकनिहाय माहिती जमाबंदीत लिहीत असे. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता अमलात आली. या व्यवस्थेतील 'सातबारा' हा एकच दस्तऐवज वाटतो. परंतु तो गाव नमुना ७ (अधिकार अभिलेख) आणि गाव नमुना १२ (पिकांची नोंद) यांचा संयोग होय. पहिल्यातील नोंद फेरफार प्रमाणित झाल्यावरच बदलते, दुसऱ्यातील हंगामागणिक. कागद एक, तक्ते मात्र दोन.

स्प्रेडशीटची वाटचाल
१९७९ मधील व्हिजिकॅल्कमध्ये २५४ ओळी व ६३ रकान्यांची एकच जाळी होती. पत्रक आणि तक्ता असा भेदच नव्हता. १९९३ च्या एक्सेल ५.० ने एका वर्कबुकात अनेक पत्रके आणली, तरी प्रत्येक पत्रक ही एक अखंड जाळीच राहिली. एक्सेल २००७ मधील 'टेबल' हा स्वतंत्र नावाचा घटक असला, तरी तो त्याच जाळीत वसतो. त्याच वर्षी आलेल्या ॲपलच्या नंबर्समध्ये मात्र पत्रक म्हणजे कोरे पान. त्यावर आपापले रकाने असलेले अनेक तक्ते ठेवता येतात.

सातबारा एक्सेलमध्ये जसाच्या तसा मांडल्यास वरच्या नमुना ७ साठी रुंद केलेला रकाना खालच्या नमुना १२ मध्येही रुंद होतो आणि संपूर्ण रकाना वगळल्यास दोन्हींतील माहिती जाते. यावर उपाय म्हणून चौकटी एकमेकींत विलीन केल्या, तर माहितीची क्रमवारी लावणे अवघड होते. नंबर्समध्ये हा दोष टळतो. तथापि तक्ते शेजारी असणे म्हणजे ते परस्परांशी जोडलेले असणे नव्हे. कागदावर पानाच्या माथ्यावरील भूमापन क्रमांक दोन्ही तक्त्यांना पुरतो. संगणकात तो प्रत्येक तक्त्याच्या प्रत्येक ओळीत असावा लागतो.

निष्कर्ष
१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर राबविल्या गेलेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करू लागला. मालकीची नोंद मात्र फेरफाराच्याच मार्गाने बदलते. एका पानावर छापलेल्या दोन तक्त्यांचे मूळचे वेगळेपण यामुळे स्पष्ट झाले. कापूस, सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या वर्ध्याच्या शेतकऱ्याला हमीभावाने विक्री करताना पिकाची नोंद दाखवावी लागते. ती चुकीच्या भूमापन क्रमांकाशी जोडली गेली, तर हाती आलेले पीकही कागदोपत्री उरत नाही. म्हणून पत्रक हे वाचनाच्या सोयीसाठी व तक्ता हा नोंदीच्या शुद्धतेसाठी, हा भेद ध्यानात घेऊनच अभिलेखांची मांडणी होणे आवश्यक आहे.